मदरबोर्ड बदलल्यानंतर विंडोजचा परवाना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोणावळ्यालगत वसलेले कुसगाव द्रुतगती मार्गावरील 'मिसिंग लिंक'मुळे अलीकडे सर्वपरिचित झाले आहे. परंतु या गावाची खरी ओळख पावसाची होय. लोणावळा परिसरात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत संगणकाच्या मदरबोर्डवरील जोडण्यांना गंज चढतो, आणि त्यातच विजेचा दाब वरखाली झाला की यंत्र बंद पडते. कारागीर नवा मदरबोर्ड बसवून देतो व यंत्र सुरू होते. मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना उमटते. घाटमाथ्यावरील कोणत्याही ग्रामपंचायतीस वा शाळेस हा प्रसंग येऊ शकतो.

या सूचनेने घाबरून जाण्याचे कारण नाही. संगणकातील दप्तर, नोंदी व छायाचित्रे सुरक्षित असतात. 'ई-ग्रामस्वराज'सारखी संकेतस्थळेही उघडतात. पडद्याची रंगसंगती बदलण्यासारख्या काही सोयी तेवढ्या बंद होतात. तथापि, तो संगणक त्या वेळी वैध परवान्याविना चालत असतो, आणि शासकीय कार्यालयाच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हे.

असे का घडते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून मायक्रोसॉफ्ट कंपनीने परवान्याची सांगड यंत्राच्या घडणीशी घातली. संगणकातील निरनिराळ्या भागांवरून त्याची एक प्रकारची अंगुलिमुद्रा तयार होते व ती कंपनीकडे नोंदली जाते. स्मृतिपट्टी म्हणजे रॅम वाढवली, किंवा हार्ड डिस्कच्या जागी नवी डिस्क बसवली, तर ही मुद्रा सहसा ओळखता येते. नव्या डिस्कवर विंडोजची तीच आवृत्ती पुन्हा बसवल्यास परवाना बहुधा आपोआप लागू होतो. मदरबोर्डचे तसे नाही. तो बदलला की कंपनीच्या लेखी संगणकच नवा होतो.

पुढे काय करता येईल, हे परवाना कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असते. नामांकित कंपनीच्या तयार संगणकाबरोबर आलेला परवाना त्याच यंत्रापुरता असतो. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून त्याची किल्ली बहुतेक अशा यंत्रांत मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. जुना बोर्ड भंगारात गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जाते. बोर्ड सदोष ठरल्यामुळे उत्पादकाने तोच किंवा समतुल्य बोर्ड बसवून दिला, तर हा परवाना पुढे चालतो. म्हणून हमीची मुदत शिल्लक असताना बाजारातील कारागिराकडे धाव घेणे महागात पडते. दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. मोठ्या संस्थांना सामूहिक परवाना मिळतो. तेथील अडचण संस्थेच्या संगणक विभागानेच सोडवावयाची असते.

आपला परवाना कोणता, हे दुरुस्तीपूर्वीच पाहून ठेवावे. विंडोज १० मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'अपडेट अँड सिक्युरिटी' या विभागात, तर विंडोज ११ मध्ये 'सिस्टिम' या विभागात 'ॲक्टिव्हेशन' हे पान असते. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला आहे किंवा नाही, हे तेथे दिसते. ही जोडणी करण्याची सोय २०१६ पासून उपलब्ध आहे. ती आधी केलेली असल्यास बोर्ड बदलल्यावर याच पानावरील 'ट्रबलशूट' कळ दाबावी, यंत्राचे भाग नुकतेच बदलल्याचा पर्याय निवडावा व त्याच खात्याने प्रवेश करावा. जुन्या यंत्रांची यादी समोर येते. तीतून आपले यंत्र निवडून ते सध्या वापरात असल्याची खूण करावी. विंडोजची आवृत्ती मात्र पूर्वीचीच हवी. 'प्रो' आवृत्तीचा परवाना 'होम' आवृत्तीवर लागू होत नाही.

खरी मेख या खात्यातच आहे. संगणक नवीन आला की संगणक परिचालक आपल्याच भ्रमणध्वनीवर व खासगी ई-मेलवर खाते उघडतो. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. काम अडू नये एवढीच त्याची इच्छा असते. पुढे तो नोकरी सोडतो किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, आणि गावाच्या पैशाने घेतलेला परवाना एका व्यक्तीच्या खात्यात अडकून पडतो. शाळांतही संगणक पाहणाऱ्या शिक्षकाची बदली झाल्यावर नेमके हेच होऊ शकते. यास्तव खाते कार्यालयाच्या ई-मेलवर उघडावे. परवान्याचा प्रकार, खरेदीची पावती व खात्याचे नाव यांची नोंद जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत संगणकाच्या नोंदीशेजारीच करावी. परवलीचा शब्द तेथे न लिहिता बंद लिफाफ्यात ठेवावा व कार्यभार सोपवताना तो लिफाफाही सोपवावा.

दुरुस्तीच्या दरपत्रकात परवान्याचा उल्लेख क्वचितच असतो. तो मागून घ्यावा. काही कारागीर परवान्याची अट चुकवणारी लहानशी आज्ञावली चालवून सूचना नाहीशी करतात. हा मार्ग सर्वथा टाळावा. अशा आज्ञावलीबरोबर घातक विषाणू येऊ शकतात. शिवाय संगणक प्रणालीची अवैध प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब खाली गुन्हा असून त्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर व्यापारासाठी नसल्यास न्यायालय सौम्य शिक्षा देऊ शकते.

यंत्र जुने असल्यास आणखी एक हिशेब करावा लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतरीत्या चालत नाही. अशा यंत्रासाठी नवा मदरबोर्ड व नवा परवाना घेण्यापेक्षा सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस' या मुक्त प्रणालीचा विचार करण्यास हरकत नाही. तिला परवाना शुल्क नाही, त्यामुळे बोर्ड कितीदाही बदलला तरी पुन्हा सक्रिय करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कार्यालयातील छपाईयंत्र व डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण तिच्यावर चालते की नाही, हे मात्र आधी एका संगणकावर पडताळून घ्यावे.