आधी भार बघा, मग भरणी

गुडघ्यातली गादी झिजली, असं कळलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो ती भरून मिळते का, याचा. हल्ली ‘मिळते’ म्हणणारे पुष्कळ आहेत. कोणी कोलॅजनची पावडर देतं, कोणी इंजेक्शन, कोणी थेट कोलॅजनचं रोपण करू म्हणतं. पत्नीच्या गुडघ्यामुळे मला या सगळ्यात खोलवर शिरावं लागलं. त्यातून एक गोष्ट पक्की समजली: त्या गुडघ्यावर भार कुठून येतो आणि कुठे पडतो हे तपासल्याशिवाय भरणीचा विचार करू नये.

आम्ही पुण्यात, बिबवेवाडीत जुन्या सोसायटीत राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मार्केट यार्डातून भाजीच्या पिशव्या आणायच्या आणि जिना चढायचा, हा हिचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला, मांडी घालून बसणं सुटलं. त्याच सुमारास सोसायटीच्या हॉलमध्ये गुडघ्यांचं मोफत शिबिर झालं आणि तिथून एका दवाखान्यात बोलावणं आलं. तिथे हिला टेबलावर आडवी झोपवून एक्स-रे काढला. “गॅप कमी झालाय, आत खड्डा पडलाय. कोलॅजनचा पडदा बसवू, नवी गादी तयार होईल,” असं सांगितलं. आठवड्याच्या आत नाव नोंदवलं तर सवलतही होती.

मी नोकरीभर अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थांची ताकद तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. तुकडा कितीही उत्तम असो, भार तिरका आला की तो वेळेआधी जातो, हे रोज पाहिलं. इथे भाराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. ही सरळ उभी राहून घोटे जुळवायची तेव्हा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये माझी मूठ सहज मावायची. आम्ही नाव नोंदवलं नाही, दुसऱ्या अस्थितज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी हिला उभं करून, दोन्ही पायांवर वजन देऊन, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढायला लावला. फिल्म उजेडावर धरून खुब्याच्या मध्यावर आणि घोट्याच्या मध्यावर पट्टी टेकवली. “काकू, बघा, पट्टी गुडघ्याच्या मधून जायला हवी.” ती गुडघ्याच्या आतल्या कडेवरून जात होती. आतल्या बाजूची दोन हाडं जवळजवळ टेकली होती. आडव्या फिल्ममध्ये हे एवढं दिसलंच नव्हतं, कारण कूर्चा, म्हणजे ही गादी, एक्स-रेत उमटत नाही. उमटतं ते हाडांमधलं अंतर, आणि वजन पडल्याशिवाय ते खरं कळत नाही.

बर्लिनच्या संशोधकांनी आत संवेदक असलेले कृत्रिम गुडघे माणसांना बसवून भार मोजला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास जातो, जिना उतरताना तिपटीहून जास्त. सरळ पायातही त्यातला निम्म्याहून अधिक भार आतल्या बाजूवर असतो. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला की तो आणखी आत सरकतो. अलाइनमेंट गेलेल्या गाडीला नवा टायर घातला तरी तो त्याच बाजूने झिजणार.

आणि हा भार झेलणारी कूर्चा असते जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाडीची. तिच्यात बहुतांश पाणी, आणि ते धरून ठेवणारं कोलॅजनचं जाळं. पृष्ठभागाशी तंतू आडवे, खोलवर उभे होऊन हाडात रुतलेले. या रचनेमुळेच ती दाब सोसते. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती स्वतःहून भरून येत नाही. मज्जातंतूही नाहीत, म्हणून ती झिजत असताना बराच काळ दुखत नाही. खालच्या हाडाला भोकं पाडून जी भरणी उगवते ती बहुधा वेगळ्या, तंतुमय जातीची असते आणि मूळ कूर्चेइतकी टिकत नाही.

रोपणाचं शास्त्र खोटं नाही, हे आवर्जून सांगतो. 1994 साली स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून खड्ड्यात घातल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे त्या पेशी कोलॅजनच्या पडद्यावर वाढवून बसवण्याच्या पद्धतीला 2016 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणाऱ्या रोपणांवर काम झालं आहे. पण कूर्चेची ही भरणी मुख्यतः त्यांच्यासाठी आहे ज्यांना दुखापतीने एखादा ठरावीक खड्डा पडलाय, भोवतालची कूर्चा धड आहे आणि पाय सरळ आहे. सगळा सांधाच झिजला असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. पाय वाकडा असेल तर आधी हाड कापून तो सरळ करण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि ती प्रत्येकाला योग्य नसते.

आणखी एक प्रश्न शेजारच्या भाभींनी विचारला, तो मला सुचला नव्हता. त्या जैन. “हे कोलॅजन कशाचं?” बैलाच्या कंडऱ्या, डुकराचं कातडं, माशाची त्वचा, यांपासूनच ते बहुतेक बनतं. वर सांगितलेला अमेरिकेतला पडदा डुकराच्या कोलॅजनचा आहे. पावडरच्या डब्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असेल तर आत सहसा कोलॅजन नसून ते बनायला मदत करणारे घटक असतात. हा प्रश्न संमतीच्या कागदावर सही करण्याआधी मोकळेपणाने विचारावा. त्यात संकोच कसला?

हिला सध्या मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, जिन्याचा कठडा धरून उतरणं आणि वजन उतरवणं सांगितलंय. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोच्या आसपास हलका होतो, असं अभ्यासात दिसलंय. ऐकून हिने पिशव्या दोन फेऱ्यांत वर आणायला सुरुवात केली. आता मी त्या आणतो.

पुढे सांधा बदलायची वेळ आली तर किंमत विचारायला लाजू नका. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपये अशी कमाल किंमत ठरली. नंतर दर बदलत गेले, म्हणून चालू दर विचारून घ्या. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवलेली हवी, उत्पादक आणि बॅच क्रमांकासह. रोपणाच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये चिकटवून मागा आणि त्यांचा फोटो मुलांच्या फोनमध्येही ठेवा.