खेळाच्या संगणकासाठी प्रोसेसर कसा निवडावा?

संगणकावर खेळ खेळणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव आला असेल. जुना खेळ झकास चालतो. पण नवा खेळ सुरू केला, की चित्र अडखळू लागते. शर्यतीतली मोटार ऐन वळणावर क्षणभर जागच्या जागी थिजते आणि पुन्हा दिसते ती कठड्याला धडकलेलीच! मग घरात मागणी सुरू होते : "नवा प्रोसेसर हवा."

दुकानात खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. इतके गिगाहर्ट्झ, इतके कोअर! ज्याचा आकडा मोठा तो प्रोसेसर चांगला, असे वाटणे साहजिक आहे. पण पैसे बेताचे असतील तर हा समज महागात पडतो. कधीकधी नवा प्रोसेसर बसवूनही चित्र पूर्वीइतकेच अडखळते. असे का व्हावे? थोडेसे अंकगणित वापरले तर याचे उत्तर घरबसल्या काढता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

एका चौकटीचा हिशेब

पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. अशा प्रत्येक स्थिर चित्राला आपण चौकट म्हणू. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी दाखवतात. त्या आधीच तयार असतात. खेळातील चौकटी मात्र तुम्ही कळ दाबाल त्याप्रमाणे त्या त्या क्षणी तयार कराव्या लागतात. सेकंदाला ६० चौकटी मिळाल्या तर बहुतेक खेळ सफाईने चालतात. एका सेकंदात १,००० मिलिसेकंद असतात. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला १,००० ÷ ६० = सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. सारे काम एवढ्या अवधीत उरकायला हवे.

हे काम मुख्यतः दोघे मिळून करतात. चेंडू कोठे गेला, मोटार कशाला धडकली, प्रतिस्पर्धी आता काय करील, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रेखाटायचे याची यादी ग्राफिक्स कार्डाला देतो. त्या यादीप्रमाणे पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणे हे कार्डाचे काम. कार्ड एक चौकट रेखाटत असते, तेव्हा प्रोसेसर पुढच्या चौकटीच्या तयारीला लागलेला असतो.

स्वयंपाकघरात पोळ्या होताना पाहा. एक जण लाटतो, दुसरा भाजतो. समजा, लाटायला २० सेकंद लागतात आणि भाजायला १२. मग पोळी किती वेळाने तयार होईल? दर २० सेकंदांनी! भाजणारा ८ सेकंद नुसता उभा राहील. तुम्ही कितीही चांगला तवा आणलात, तरी पोळ्या वाढणार नाहीत.

आता सेकंदांच्या जागी मिलिसेकंद घाला. प्रोसेसरला २० आणि कार्डाला १२ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला १,००० ÷ २० = ५० चौकटी मिळतील. दुप्पट वेगाचे कार्ड आणले तरी ५०च. प्रोसेसर बदलून त्याचा वेळ १३ मिलिसेकंदांवर आणला, तर सुमारे ७७ चौकटी मिळतील. त्याहून महाग प्रोसेसर घेऊन तोच वेळ ८ मिलिसेकंद केला तर? आता कार्डाचे १२ मिलिसेकंद आड येतील आणि चौकटी ८३ च्या पुढे जाणार नाहीत. म्हणजे जादा दिलेल्या पैशाचा बराचसा भाग वाया गेला!

यावरून नियम असा निघतो : जो सर्वांत हळू, तोच वेग ठरवतो. म्हणून खरेदीपूर्वी हळू कोण आहे ते शोधले पाहिजे.

अडथळा कोठे आहे?

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. प्रथम खेळाच्या मांडणीत व्ही-सिंक किंवा चौकटींवर मर्यादा घालणारी इतर सोय असेल तर ती बंद करा. खेळातील एक ठरावीक गर्दीचा प्रसंग निवडा आणि सेकंदाला किती चौकटी मिळतात ते टिपून ठेवा. आता चित्राची ठिपकेसंख्या १,९२० × १,०८० वरून १,२८० × ७२० वर आणा. बाकी काहीही बदलू नका. पहिल्या चित्रात २०,७३,६०० ठिपके होते, दुसऱ्यात ९,२१,६०० आहेत. म्हणजे कार्डाचे रंगकाम निम्म्याहूनही कमी झाले. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. तोच प्रसंग पुन्हा खेळून मोजणी करा.

चौकटी भरपूर वाढल्या, तर अडथळा कार्डाचा होता. जवळजवळ वाढल्याच नाहीत, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा किंवा स्मृतीचा आहे.

या वेळी एक चूक हमखास होते. विंडोजमधील टास्क मॅनेजर 'प्रोसेसरचा वापर २५ टक्के' असे दाखवतो आणि आपण समजतो, की प्रोसेसर आरामात आहे. परंतु सहा कोअर व बारा धागे असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच धागा जिवाच्या आकांताने राबत असला, तरी एकूण वापर ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. बारा जणांच्या वर्गात एकटाच फळ्यावर गणिते सोडवत आहे, तसा हा प्रकार. सरासरी पाहून त्याची दमछाक कळत नाही.

सरासरी चौकटींच्या बाबतीतही फसवते. एका सेकंदात ५० चौकटी प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत आणि ४ चौकटी प्रत्येकी १०० मिलिसेकंदांत आल्या असे समजा. बेरीज बरोबर १,००० मिलिसेकंद आणि चौकटी ५४. आकडा चांगला दिसतो. पण ते चार हिसके डोळ्यांना खुपतातच. म्हणून सरासरीबरोबरच सर्वांत संथ चौकटींचा वेळही पाहावा.

कोअर दुप्पट, वेग दुप्पट?

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करू शकणारा गाभा. कोअर दुप्पट केले तर काम निम्म्या वेळात होईल काय? काही कामे वाटून घेता येतात, काही येत नाहीत. मोटार कठड्याला धडकली की नाही हे ठरल्याशिवाय तिचे तुकडे कोठे उडतील हे ठरवता येत नाही. या मर्यादेचे गणित अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडले. ते अ‍ॅमडालचा नियम म्हणून ओळखले जाते.

समजा, एका चौकटीसाठी एका कोअरला २० मिलिसेकंद लागतात. त्यांपैकी ८ मिलिसेकंदांचे काम वाटता येत नाही आणि १२ मिलिसेकंदांचे वाटता येते. मग लागणारा वेळ असा :

१ कोअर : ८ + १२ = २० मिलिसेकंद
२ कोअर : ८ + ६ = १४ मिलिसेकंद
६ कोअर : ८ + २ = १० मिलिसेकंद
१२ कोअर : ८ + १ = ९ मिलिसेकंद

एकावरून सहा कोअरवर गेलो तेव्हा १० मिलिसेकंद वाचले. सहावरून बारावर गेलो तेव्हा वाचला फक्त एक! याउलट कोअर सहाच ठेवले, पण प्रत्येक कोअर सव्वापट वेगवान घेतला, तर १० ÷ १.२५ = ८ मिलिसेकंद लागतील. सहा चपळ कोअर बारा संथ कोअरांना भारी पडले. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला बारा कोअर उपयोगी पडतील, कारण ते काम बरेचसे वाटता येते. खेळाचे तसे नसते.

गिगाहर्ट्झ आणि मिसळणाचा डबा

मग ज्याचे गिगाहर्ट्झ जास्त तोच कोअर चपळ का? तसेही नाही. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाची सेकंदाला ४०० कोटी स्पंदने. पण एका स्पंदनात किती काम होते हे प्रोसेसरच्या रचनेवर अवलंबून असते. लांब टांगा टाकणारा माणूस कमी पावलांतही पुढे जातो. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची नुसत्या गिगाहर्ट्झवरून तुलना करू नये.

शिवाय प्रोसेसरचा पुष्कळ वेळ वाट पाहण्यात जातो. ४ गिगाहर्ट्झच्या घड्याळाचे एक स्पंदन ०.२५ नॅनोसेकंदाचे असते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त साडेसात सेंटिमीटर जातो! मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, माहिती यायला ८० नॅनोसेकंद लागले असे धरा. तेवढ्यात ३२० स्पंदने होऊन जातात.

फोडणीसाठी मोहरी हवी आणि दर वेळी वाण्याच्या दुकानात जावे लागले तर स्वयंपाक कधी होणार? म्हणून आपण रोजचे जिन्नस मिसळणाच्या डब्यात ठेवतो आणि थोडा जास्त साठा फडताळात. प्रोसेसरमध्येही अशीच सोय असते. तिला कॅश स्मृती म्हणतात. या कॅशचा रोख पैशाशी संबंध नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले आहे. पहिल्या पातळीची कॅश म्हणजे मिसळणाचा डबा. तो लहान, पण चार-पाच स्पंदनांत हाताशी येणारा. तिसऱ्या पातळीची कॅश म्हणजे फडताळ. ते पुष्कळ मोठे. त्यातून वस्तू काढायला सुमारे ५० स्पंदने लागतात. तरीही दुकानाच्या ३२० स्पंदनांपेक्षा ते खूपच बरे.

याचा एक सुंदर पुरावा पाहा. एएमडी कंपनीच्या 'रायझेन ७ ५७००एक्स' या प्रोसेसरमध्ये ८ कोअर आहेत, कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ आहे आणि तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट आहे. २०२४ साली आलेल्या 'रायझेन ७ ५७००एक्स३डी' मध्येही ८ कोअर आहेत. पण त्याचा कमाल वेग फक्त ४.१ गिगाहर्ट्झ आहे. मात्र त्याच्या चिपवर ६४ मेगाबाइटची आणखी एक कॅश चिप माडीसारखी चढवलेली आहे. एकूण कॅश झाली ९६ मेगाबाइट. गिगाहर्ट्झ कमी असूनही पुष्कळ खेळांत हा दुसरा प्रोसेसर जास्त चौकटी देतो. वाण्याकडच्या खेपा वाचल्या ना!

एक उदाहरण सोडवू या

२०१७ साली घेतलेला एक संगणक आहे असे समजा. त्यात रायझेन ५ १६०० हा प्रोसेसर, बी-३५० जातीचा मदरबोर्ड आणि डीडीआर-४ स्मृती आहे. वरील प्रयोगात अडथळा प्रोसेसरचाच निघाला. आता काय करावे?

पहिला प्रश्न : कोणता प्रोसेसर बोर्डावर बसेल? या बोर्डावरील एएम-४ सॉकेटला १,३३१ छिद्रे असतात. परंतु नुसती छिद्रे जुळणे पुरेसे नसते. इंटेलचे २०१७ मधील आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर १,१५१ संपर्कबिंदूंच्या सॉकेटसाठीच होते. तरी तितक्याच बिंदूंच्या आधीच्या बोर्डांवर ते चालत नव्हते. आपल्या उदाहरणात सुदैव असे, की २०२२ मध्ये एएमडीने बी-३५० सारख्या जुन्या बोर्डांवरही रायझेन ५००० मालिका चालवण्याची सोय दिली. त्यासाठी बोर्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरील यादीत प्रोसेसरचे नाव शोधावे आणि तेथे दिलेली बायॉसची आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच घालावी. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून संगणक यूपीएसवर असू द्यावा.

दुसरा प्रश्न : कोणता घ्यावा? २०२२ मध्ये आलेले दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू. रायझेन ५ ५५०० : ६ कोअर, ४.२ गिगाहर्ट्झ, १६ मेगाबाइट कॅश. रायझेन ५ ५६०० : ६ कोअर, ४.४ गिगाहर्ट्झ, ३२ मेगाबाइट कॅश. गिगाहर्ट्झमधला फरक पाच टक्क्यांच्या आसपास आहे. पण फडताळ मात्र दुप्पट आहे. किमतीत थोडाच फरक असेल तर खेळासाठी ५६०० घेणे शहाणपणाचे. जुन्या १६०० मध्येही सहाच कोअर आहेत आणि त्याचा कमाल वेग ३.६ गिगाहर्ट्झ आहे. त्याची १६ मेगाबाइट कॅश तर आठ-आठच्या दोन गटांत विभागलेली आहे. कोअर तेवढेच असूनही नवा प्रोसेसर बराच पुढे जातो, त्याचे कारण आता तुम्हाला सांगता येईल.

एएम-५ हे नवे सॉकेट २०२२ मध्ये आले. पण ते घ्यायचे तर बोर्ड नवा आणि स्मृतीही डीडीआर-५ जातीची नवी घ्यावी लागते. बेताच्या पैशात हा तिहेरी खर्च झेपेल का, हे आधी पाहावे.

तिसरा प्रश्न : किती पैसे द्यावेत? यासाठी जादा चौकटीमागे पडणारा खर्च काढा. समजा, एक प्रोसेसर १२,००० रुपयांना आहे आणि ३० चौकटी वाढवतो. एका चौकटीला ४०० रुपये पडले. दुसरा २२,००० रुपयांना आहे आणि ४० चौकटी वाढवतो. त्याच्या शेवटच्या १० चौकटींसाठी १०,००० रुपये, म्हणजे चौकटीला १,००० रुपये पडले! (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) त्यातच तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. त्यापुढच्या चौकटींचा फायदा फारच थोडा.

आणखी एक गोष्ट. स्मृतीची एकच पट्टी लावलेली असेल, तर तशीच दुसरी लावून पाहा. वाण्याच्या दुकानाकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो. कधीकधी एवढ्यानेच काम भागते.

करून पाहा

१. आपल्या किंवा शाळेच्या संगणकावर ठिपकेसंख्येचा प्रयोग करा. प्रत्येक मोजणी तीन वेळा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा. त्यांत फरक का पडला असेल?

२. प्रोसेसरला १८ आणि कार्डाला २५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला किती चौकटी मिळतील? आधी काय बदलावे?

३. वाटता न येणारे काम ५ मिलिसेकंदांचे आणि वाटता येणारे २४ मिलिसेकंदांचे आहे. ४, ८ व १२ कोअरना लागणारा वेळ काढा आणि आलेख रेखाटा. कोअर कितीही वाढवले तरी वेळ कोणत्या संख्येखाली जाणार नाही?

शिक्षकांनी तिसरे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावे. आलेखाची रेषा आधी झपाट्याने उतरते आणि मग सपाट होत जाते. खोक्यावरचे कोअर वाढतात तसा वेग का वाढत नाही, हे त्या सपाट होत जाणाऱ्या रेषेवरून मुलांना आपोआप कळेल.