रविवारची दहा मिनिटं बंद

अगं, बाकी सगळं सावकाश सांगते, पण एक गोष्ट आजपासूनच कर. दर रविवारी खाली उतरून फियाट दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवतेस ना, ते बंद. तुला वाटतं बॅटरी चार्ज होतेय. होत नाही गं, उलट उतरते.

कारण सांगते. आपल्या फियाटला अजून जुना डायनॅमोच आहे, आजच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही. इंजिन नुसतं गुरगुरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत राहतो. सगळ्यांना वाटतं सेल्फ मारताना बॅटरी संपते. सेल्फ दीडशे अँपियर खेचतो हे खरं, पण पाचच सेकंद. तो हिशेब पाव अँपियर-तासालाही पोचत नाही. इग्निशन कॉइल मात्र इंजिन चालू आहे तोवर तीन-चार अँपियर घेत राहते, म्हणजे तुझ्या दहा मिनिटांत सेल्फच्या अडीच-तीन पट. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पण नीट बाहेर काढ. दिवसाउजेडी, हेडलाइट न लावता, मोकळ्या रस्त्यावर चाळीसेक मिनिटं. तेवढ्यानंही बॅटरी पूर्ण भरते असं समजू नकोस. या लेड-अॅसिड बॅटऱ्यांचा शेवटचा पाचवा हिस्सा फार हळू भरतो, त्याला तास लागतात. म्हणून चार्जर लागतोच. बॅटरी वापरून मरत नाही, अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की मरते. आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे जमतात. ताजे असतील तर चार्जिंगला विरघळतात, महिनोन्‌महिने राहिले की कडक होतात आणि मग कुठलाही बॅटरीवाला त्यांना हलवू शकत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बॅटरी आपोआपही भराभर उतरते. तापमान दहा अंशांनी चढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो.

तुला बॅटरी बदलायचीच आहे, तर आता नवीन कुठली घ्यायची ते. दुकानदार तुला काय सांगेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, ‘मॅडम, मोठी घ्या, टेन्शन नको’. मोठी घेऊ नकोस. डायनॅमोची सगळी ऐपत वीस अँपियरच्या आसपास, ती मोठी बॅटरी तो भरणार कधी? आणि ट्रेमध्ये ती बसायलाही हवी. जुनी बॅटरी उचलण्याआधी तिचा फोटो काढ, लांबी-रुंदी-उंची टेपनं मोज आणि प्लसचं टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते बघ. बॅटरीवर ३८बी२०एल असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातलं शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनलांची बाजू. ती चुकली की वायर पोचत नाही, आणि मेकॅनिक ओढूनताणून पोचवतो ते आणखी वाईट. उंची जास्त झाली तर बॉनेट टर्मिनलला टेकेल, मग ठिणग्याच बघायच्या. वरून आवळायची पट्टी तशीच परत बसली पाहिजे हेही बघ.

दुकानदाराच्या मोबाइलमधल्या यादीत बहुतेक आपली फियाट, म्हणजे पद्मिनी, सापडणारच नाही, तेव्हा बावचळू नकोस. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची थांबली त्याला पंचवीसेक वर्षं झाली, आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनीही निवृत्त झाली. दुकानातल्या मुलानं ही गाडी उघडलेली नसणारच. म्हणून माप आणि फोटो तुझ्याकडे हवेत.

एजीएम नावाची महाग बॅटरी दाखवतील. चांगली असते, पडून राहिली तरी हळू उतरते. पण तिला जास्तीचं चार्जिंग सोसत नाही, आणि आपल्या गाडीचा रेग्युलेटर तर जुन्या पद्धतीचा, पत्र्याच्या डबीत पॉइंट असलेला. तो कधी साडेचौदा व्होल्टच्या वर जाईल त्याचा भरवसा नाही. लिथियमचा तर विचारही नको. माझं मत विचारशील तर साधी लेड-अॅसिडच घे, पण वरची झाकणं उघडतात अशी. मेंटेनन्स-फ्री हळू उतरते हे खरं, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. उघडणाऱ्या बॅटरीत प्रत्येक घराचं पाणी बघता येतं, हायड्रोमीटर बुडवून सहातलं कुठलं घर आजारी आहे ते कळतं. जी गाडी रोज हलत नाही तिच्या बाबतीत मला हे दिसणं महत्त्वाचं वाटतं. जावईबापूंचं मत वेगळं पडेल, पडू दे. पाणी बघायला ते खाली जाणार आहेत का?

बॅटरीवर तयार झाल्याची तारीख ठोकलेली किंवा छापलेली असते, ती वाचून दाखवायला सांग. दुकानात सहा-आठ महिने पडून असलेली घेतलीस तर वर सांगितलेली खड्यांची भानगड तिथेच सुरू झालेली असते. आणि वॉरंटी कार्डावर शिक्का व तारीख समोर घालून घे.

मोठी किंवा महाग बॅटरी न घेतल्यानं वाचलेल्या पैशात दोन वस्तू आण. एक, स्मार्ट चार्जर, ज्याला मेंटेनरही म्हणतात. छोटा, दोन ते चार अँपियरचा. तो बॅटरी भरली की स्वतःच साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरून नुसतं राखण करत बसतो. गॅरेजमधला तो जुना जड खोका नको, तो थांबत नाही, पाणी उकळवून टाकतो. दुसरी वस्तू, अर्थिंगच्या वायरवर बसवायचा कट-ऑफ स्विच. मूळ पद्मिनीत बंद गाडीत करंट खाणारं जवळजवळ काही नव्हतं. तुम्ही ती म्युझिक सिस्टीम बसवलीत ना, तिनं गोंधळ केला. बंद असतानाही ती खाते ते पन्नास मिलिअँपियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला जवळजवळ सव्वा अँपियर-तास होतो, आणि पस्तीसची बॅटरी महिन्यात साफ. स्विच फिरवलास की विषय संपला, पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडली तरी आग लागायची भीती कमी.

तुमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही हे माहीत आहे. मग बॅटरी वर आणायची, दहा-अकरा किलोच्या आसपास असते. हे काम करताना बांगड्या आणि गळ्यातलं काढून ठेव, गंमत नाही. आधी अर्थिंगची, म्हणजे आपल्या गाडीत मायनसची, वायर सोडायची आणि लावताना तीच शेवटी लावायची. उलट केलंस आणि पाना चुकून पत्र्याला लागला तर पाना लाल होतो. शेजारच्या काकांच्या मॉरिस मायनरला मदत करायला जाशील तेव्हा सांभाळ, त्या जुन्या इंग्लिश गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असतो. जुनी सुती ओढणी घालून हे काम कर. अॅसिडचे थेंब दिसत नाहीत, भोकं धुतल्यावर दिसतात.

चार्जिंग बाल्कनीत, हवेशीर जागी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ निरांजन, उदबत्ती काही नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा करशील तेव्हाही बॉनेट उघडून आत दिवा ओवाळू नकोस, बाहेरून हळदकुंकू पुरे. आई ओरडेल की फरशीवर ठेवू नको, बॅटरी जमिनीत उतरते. पूर्वी रबरी आणि लाकडी खोके असायचे तेव्हा त्याला अर्थ होता, आताचं प्लास्टिक गळत नाही. तरी पाटावर ठेव, आईशी कशाला वाद.

पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं घाल. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नाही, एसीचं गळणारंही नाही, मग शेजारीण इन्व्हर्टरमध्ये घालत का असेना. अॅसिड कधीच नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी आली तर झाकणं घट्ट लावून गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घास, कोरडं कर आणि व्हॅसलिनचा हात फिरव.

मल्टीमीटर वापरायला शिक. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजायचं, चार्जर काढल्या काढल्या मोजलंस तर खोटा आकडा येतो. १२.६ किंवा वर, छान. १२.४, या आठवड्यात चार्जिंग. १२च्या खाली, आजच. इंजिन चांगलं रेस करून मोजलंस की १३.८ ते १४.४ हवेत. त्याहून कमी असेल तर डायनॅमोचा पट्टा किंवा ब्रश बघायला सांग, जास्त असेल तर रेग्युलेटर.

आणि महिन्यानं गाडी काढताना पहिल्याच सेल्फला सुरू झाली नाही तर लगेच बॅटरीला शिव्या देऊ नकोस. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, पंप ते परत भरेपर्यंत इंजिन फिरवावं लागतं. पाच-सहा सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट थांब, मग पुन्हा. पंपाला हाताची छोटी दांडी असेल तर आधी तीच दहा-बारा वेळा दाब, बॅटरी तेवढी वाचेल.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नकोस, दोनशे जास्त मिळाले तरी. ते लोक कुठेतरी उघड्यावर शिसं वितळवतात. नवीन घेताना दुकानातच दे. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, आणि बिलात एक्सचेंजचे पैसेही वजा होतात. बिल घेतलंस की मला फोटो पाठव. मल्टीमीटर विकत घेऊ नकोस, गणपतीत येताना माझा घेऊन येते.