चिखलाखालची हवा

गोदावरीच्या काठी राहिल्यामुळे नळाशी माझी ओळख जुनी. नळ म्हणजे पाणथळीच्या कडेला दहा-बारा फूट वाढणारं, पेरापेराचं, टोकाला भुरा तुरा मिरवणारं गवत. तपकिरी, गुळगुळीत कणीस येतं ते पाणकणीस, ते वेगळं. या नळाच्या सहवासात जे उमगलं, ते लिहितो आहे.

१. नळाचा खरा कारभार चिखलाखाली चालतो. ओढ्याच्या कडेचा चिखल काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा; प्राणवायू तिथे उरलेलाच नसतो. पण त्यातून नळाचं एक मूळ अलगद सोडवलं, तर त्यावर तांबूस थर बसलेला दिसला, गंजासारखा. तो गंजच होता. वरून शिरलेली हवा पोकळ दांड्यांतून जमिनीतल्या आडव्या खोडापर्यंत उतरते, मुळांतून थोडी बाहेर झिरपते आणि आसपासच्या चिखलातलं लोह गंजतं. वाळून मोडलेले दांडेही यात कामाचे असतात, कारण आतली हवा बाहेर पडायला तेच वाट देतात. हे कळल्यापासून उन्हाळ्यातलं वाळकं बेट मला मेलेलं वाटत नाही.

२. एवढ्याशा झिरपत्या हवेवर गावाचं सांडपाणी निवळू शकतं, याचं मला आजही नवल वाटतं. मुळाला लागून हवा असते, जरा पलीकडे नसते. हवेच्या पट्ट्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. बिनहवेतले दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून वातावरणात सोडून देतात. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींकडून सांडपाणी स्वच्छ करून घेण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे त्यातूनच खडी-वाळूच्या वाफ्यात नळ लावून त्यातून पाणी सोडण्याची ‘रूट झोन’ पद्धत रुजली. आपल्याकडेही ती वापरात आहे. जमिनीला उतार असेल तर विजेचीही फारशी गरज पडत नाही. मात्र फॉस्फरसचा वायू होत नाही. तो मातीत बसतो, थोडा नळाच्या अंगात जातो आणि नळ तिथेच कुजला की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून वाफ्यातला नळ वेळेवर कापून बाहेर काढावा लागतो. वाफा बांधून फीत कापली की काम संपलं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

३. माणसाला जिथे पाय ठेवता येत नाही, तिथेच पाखरांना निर्धास्त झोप लागते. थंडीत पाहुण्या आलेल्या माळभिंगऱ्या आणि पिवळे धोबी दिवसभर शेतांवर, पाण्यावर किडे टिपतात आणि सांजावलं की थव्याथव्यानं नळात उतरतात. एकेका काडीवर चार-पाच पाखरं, काडी वाकते तरी हलत नाहीत. खाली पाणी असल्यानं मुंगूस-मांजराची भीती कमी. आमचं गोदावरीवरचं नंदूरमधमेश्वर तर मुळात बंधारा; त्यात गाळ साठत गेला, गाळावर पाणवनस्पती माजल्या, पाखरं आली आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, होण्याचा मान त्याला मिळाला. सिंचनाच्या हिशेबात जो गाळ तोटा, तोच इथे जमेला लागला.

४. कुंपण घालून मोकळं सोडणं म्हणजे राखणं, असं नाही. हे मला राजस्थानातल्या भरतपूरनं शिकवलं. १९८२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानात म्हशींची चराई बंद झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर एका पाणगवतानं उथळ पाणी व्यापलं आणि पक्ष्यांना खुलं पाणीच कमी पडू लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्षही हाच, की म्हशी त्या पाणथळीचाच भाग होत्या. तिथलं गवत वेगळं, पण नळालाही हेच लागू आहे. चरणारं जनावर, छपरासाठी कापणारा विळा आणि पाण्याचा चढउतार, हे तिन्ही नाहीसे झाले की नळ पाणी झाकून टाकतो, गाळ धरतो आणि हळूहळू पाणथळीची जमीन होते.

५. नळ चांगला की वाईट, हा प्रश्नच मला आता पुरा वाटत नाही. युरोपातून गेलेल्या नळाच्या वाणानं अमेरिकेतल्या दलदली व्यापल्या, तिथलाच मूळचा नळ मागे पडला आणि तो काढण्यासाठी लोक झटत आहेत. इकडे ब्रिटनमध्ये नळाची बेटं सुकत गेली, तसा त्यांत राहणारा बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी इतका कमी झाला, की १९९७ साली साद घालणारे अवघे ११ नर उरले होते. मग बेटांत पाणी खेळवलं, झुडपं काढली, नवी बेटं तयार केली, तेव्हा तो पुन्हा वाढला. म्हणून चांगला-वाईट ठरवण्याआधी त्या त्या जागेची नळाशी किती जुनी सोयरीक आहे, हे पाहावं.

६. माझी सगळ्यात मोठी धास्ती सुशोभीकरणाची आहे. ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंत, वर फरशी, बसायला बाकडी; आणि यंत्रानं एका दिवसात नळ मुळासकट साफ. मग नळ निवळत असलेलं सांडपाणी थेट नदीत. नळ वाढला असेल तर जरूर कापा, पण पट्ट्यापट्ट्यानं, यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. पावसाळ्यात घरटी असताना नको, आणि आग तर कधीच नको. तुमच्या गावच्या ओढ्याचा असा आराखडा निघाला, तर हरकतींची मुदत टळण्याआधी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.