पेशीतली परांची : डीएनएची नक्कल आणि दुरुस्ती



घराला रंग देताना बांबूची परांची बांधतात. परांची स्वतः भिंत रंगवत नाही, पण ती नसेल तर रंगारी वरपर्यंत पोहोचणारच नाही. आपल्या पेशीतही अशी प्रथिने आहेत. 'डीएनएची दुरुस्ती विकरे करतात' एवढं मुलांना सांगून आपण पुढे जातो. पण 'सर, विकरांना नेमकी जागा कळते कशी?' असं एखाद्याने विचारलं तर? उत्तर या परांची-प्रथिनांत आहे.

पहिलं उदाहरण पीसीएनए. तीन सारख्या प्रथिनांचं मिळून हे एक कडं बनतं. बांगडीतून दोरी ओवावी तसा डीएनए त्यातून जातो. नक्कल करणारं विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, या कड्याला धरून पुढे सरकतं. कडं नसेल तर थोडी अक्षरं लिहून ते गळून पडतं. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत, मग असं गळून पडणं कसं परवडेल?

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे डीएनएमधली शेजारशेजारची दोन थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटू शकतात. नेहमीचं विकर तिथे अडतं. तेव्हा पेशी कड्यावर युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन जोडते. दुसऱ्या कारागिराला बोलावण्याची ही खूणच! मग पॉलिमरेज ईटा येतं, चिकटलेल्या थायमिनांसमोर दोन ॲडेनिन बसवतं आणि बाजूला होतं. लक्षात घ्या, इथे बिघाड दुरुस्त झालेला नाही, तो ओलांडून नक्कल पुढे गेली आहे. दुरुस्तीचं काम वेगळी विकरे करतात.

हे पॉलिमरेज ईटा जन्मतःच सदोष असेल तर? झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आजाराच्या एका प्रकारामागे हेच कारण असल्याचं १९९९ मध्ये कळलं. अशा व्यक्तीला उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका खूप वाढतो.

दुसरं उदाहरण एक्सआरसीसी-१. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला, की हे प्रथिन कामाला येतं. ते स्वतः काहीच सांधत नाही. पण तुटलेली टोकं नीट करणारं, गाळलेलं अक्षर भरणारं आणि धागा जोडणारं, अशी वेगवेगळी विकरे ते एका जागी धरून ठेवतं. या प्रथिनातल्या दोषामुळे माणसाचा तोल आणि हालचाली बिघडतात, हे २०१७ मध्ये समोर आलं.

वर्गात हे असं करून पाहा. लांब दोरी ताणून धरा आणि मध्ये एक गाठ मारा. तीन मुलांनी हात धरून दोरीभोवती कडं करायचं. चौथा 'लेखनिक' कड्याला धरून चालेल. गाठीपाशी तो थांबेल. मग कड्यातल्या एकाच्या मनगटाला रुमाल बांधा. रुमाल दिसला की पाचव्याने यायचं, कड्याला धरून सगळ्यांना गाठीपलीकडे न्यायचं आणि काम पुन्हा चौथ्याकडे द्यायचं.

शेवटी मुलांना एकच प्रश्न विचारा : खरी परांची आणि पीसीएनए यांत फरक काय? परांची एका जागी उभी असते, हे कडं मात्र कामाबरोबर सरकतं. हे उत्तर मुलांकडून आलं, तर धडा समजला म्हणायचा.