खटका पडला तर पडू दे, पोरी

परवा तू फोनवर म्हणालीस, मामा, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिणतं. वर हेही सांगितलंस की जावईबापूंनी पायात रबरी चप्पल घालून कपडे टाकायचा उपाय काढलाय. मशीनचा प्लग काढ आणि मी येईपर्यंत लावू नकोस, एवढं मी लगेच बजावलं. बाकीचं आता लिहून पाठवतोय. फोनवर ऐकलेलं निम्मं विसरायला होतं, आणि ही गोष्ट विसरण्यातली नाही.

किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात मी चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं. सुरुवातीला घरं कारवीच्या कुडाची होती. लाकडी पट्टीवरून वायर जायची आणि घरात दोन दिवे असायचे, एक ओटीवर, एक चुलीपाशी. दिवा आढ्याला टांगलेला, त्याला हात लागायचाच कशाला? आता तुझ्या घरात फ्रिज, मिक्सर, घरघंटी, बोअरची मोटर, पाणी तापवायची कांडी आणि हे मशीन आहे. निम्म्या वस्तूंना लोखंडी अंग आहे आणि बऱ्याचशा पाण्याजवळ आहेत. पाऊस मात्र पूर्वीचाच आहे. आपल्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तर तो ओला होतो, आणि त्याच भिंतीत वायरीच्या नळ्या आहेत.

झिणझिण म्हणजे काय ते आधी समजून घे. मशीनच्या आत कुठेतरी वायरचं आवरण विरलंय, नाहीतर मोटरीत ओल शिरलीय, आणि थोडी वीज पत्र्यावर उतरतेय. तिला जमिनीत जायचंय. तू ओल्या फरशीवर उभी राहून पत्र्याला हात लावतेस, तेव्हा तिची वाट तू होतेस. आज तुला मुंग्या येताहेत, कारण वाट अजून अरुंद आहे. आवरण आणखी विरलं किंवा पाय जास्त ओले असले की तीच वाट रुंद होते.

जावईबापू म्हणतील, घरात एमसीबी आहे की. ते खोटं नाही, पण एमसीबी वायर वाचवायला बसवलेली असते. सोळा अँपियरची एमसीबी सोळा अँपियरच्या वर ओढ गेल्याशिवाय पडायची नाही. माणसाचं माप याच्या कितीतरी खाली आहे. एक अँपियर म्हणजे हजार मिलिअँपियर. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डालझिएल नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली तार माणसाला किती विजेपर्यंत स्वतःहून सोडता येते, हे त्यांनी लोकांवर जपून प्रयोग करून मोजलं. पुरुषांचं सरासरी माप सोळा मिलिअँपियरच्या आसपास आलं आणि बायकांचं साडेदहाच्या. त्याच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. लोक म्हणतात विजेने ओढून धरलं. खरं तर आपलाच हात धरून बसतो. पुढे १९६१ मध्ये त्यांनीच विजेपासून माणसाची राखण करणारं यंत्र तयार केलं. अमेरिकेत ते सॉकेटमध्येच असतं, त्याच्या तोंडावर दोन छोटी बटणं दिसतात. आपल्याकडे ते बहुधा मीटरजवळच्या पेटीत बसतं. दुकानात सगळे त्याला ईएलसीबी म्हणतात, पण आता जी मिळते तिचं खरं नाव आरसीसीबी.

तिचं काम हिशेबनीसाचं आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी तिच्या आतल्या एका कड्यातून जातात. एकीतून जितकी वीज गेली तितकीच दुसरीतून परत आली पाहिजे. तीस मिलिअँपियरची तूट दिसली की तिला कळतं, वीज भलत्याच वाटेने जमिनीत चाललीय, आणि खटका पडतो. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढ्याच वेळात.

आता सरळगावच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याची म्हैस गोठ्यात शिरायला तयार नव्हती, धार काढताना लाथा झाडायची. घरच्यांनी दृष्ट काढली, दारावर लिंबू-मिरची बांधली, मग गुरांचा डॉक्टर आणला. मी गेलो होतो कडबाकुट्टीची मोटर बघायला. गोठ्यात उभा राहिलो तर मला काहीच जाणवलं नाही, कारण पायात जाड चपला होत्या. दावणीच्या लोखंडी नळीला टेस्टर लावला तर तो पेटला. मोटरीची वीज नळीत आणि ओल्या जमिनीत उतरत होती. म्हशीचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर असतात, खुर ओले असतात, म्हणून माणसाला न कळणारी वीजही तिला कळते. ती बिचारी रोज सांगत होती. मोटर सोडवली, अर्थिंग केलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हैस आपल्या पायांनी आत आली.

दुसरी गोष्ट थोडक्यात आटोपतो. एका पाड्यावर कपडे वाळत घालायची तार पत्र्याच्या अँगलला बांधलेली होती. त्या अँगलवर सोलवटलेली सर्व्हिस वायर टेकलेली होती. पावसाची झड होती. बाई कपडे काढायला गेली आणि तारेला धरली गेली. तिला सोडवायला सासू धावली. त्या घरात आरसीसीबी असती तरी ही वायर पेटीच्या अलीकडची होती, म्हणून ती पडली नसती. त्यासाठीच सांगतो, कपड्यांना नायलॉनची दोरी लाव. कोणी चिकटलं तर आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर कर. अंगाला हात लावायचा नाही, मग ते स्वतःचं मूल का असेना. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण तुला माहीत असायलाच हवं.

तर पहिलं काम अर्थिंगचं. आरसीसीबी अर्थिंगशिवायही चालते, पण मग ती कधी पडते? वीज तुझ्या अंगातून जाऊ लागली की. अर्थिंग असलं तर मशीनच्या पत्र्यावर उतरताच वीज हिरव्या वायरीने जमिनीत जाते आणि खटका तू हात लावायच्या आधीच पडलेला असतो. शॉक बसून वाचणं आणि शॉकच न बसणं, एवढा हा फरक आहे.

अर्थिंगचा खड्डा मोरीच्या सांडपाण्याजवळ घ्यायचा, तू केळ लावलीयस तिथे, पण घराच्या पायापासून दीड मीटर लांब. जमीन बारा महिने ओली राहील अशीच जागा हवी. अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइझ्ड पाइप, आतला व्यास चाळीस मिलिमीटरच्या आसपास, भोवती कोळसा आणि जाड मीठ थराथराने. आपल्याकडे दोन-तीन हातांवर कातळ लागतो, आणि तिथेच काम करणारे पाइप कापून मोकळे होतात. कापू द्यायचा नाही. आयएस ३०४३ या मानकातच म्हटलंय की कातळ लागला तर पाइप तिरका पुरा, उभ्या रेषेपासून तीस अंशांपर्यंत. वर पाणी ओतायला नरसाळं ठेवायचं. अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंत आठवड्याला एक बादली पाणी ओत, कारण वैशाखात कातळाची जमीन इतकी सुकते की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. मीठ पाइप खातं, म्हणून तीन-चार वर्षांनी उकरून बघायचं.

मग पेटी, म्हणजे आरसीसीबी. दुकानात तीस मिलिअँपियरची माग. शंभरची आणि तीनशेचीही मिळते, पण ती आगीपासून राखणीसाठी असते, माणसाला ती उशिरा पावते. आयएसआय खूण बघ, आणि मशीन इन्व्हर्टर मोटरचं असेल तर ए टाइपची घे. किंमत बऱ्या मिक्सरएवढी पडते. सगळ्या घराला मिळून एकच लावायची नाही. मोरी, मशीन आणि बाहेरची मोटर एकीवर ठेवू, दिवे आणि फ्रिज दुसरीवर. नाहीतर रात्री मशीनपायी खटका पडला की घरभर अंधार होतो, आणि मग माणसं वैतागून पेटीच काढून टाकतात. हिच्यासोबत एमसीबी हवीच, कारण जास्त ओढ किंवा शॉर्ट हिला कळत नाही. आणखी एक लक्षात ठेव. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलंस तर हिशेब जुळतो आणि ती गप्प राहते. म्हणून ती आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळायचं नाही.

सॉकेट मोरीच्या आत नको. बाहेरच्या कोरड्या भिंतीवर, कमरेच्या वर, पागोळ्यांचं पाणी उडणार नाही असं लावू. मशीनसाठी सोळा अँपियरचं, चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. मागून जोडताना डावं-उजवं उलटतं आणि शिकाऊ पोरं तिथेच चुकतात, म्हणून मागच्या बाजूची अक्षरं वाचूनच वायर लावायची. बटण फेजवरच आलं पाहिजे. वायरीचे सगळे धागे पिळून आत गेले पाहिजेत, स्क्रू घट्ट केल्यावर वायर हलकेच ओढून बघायची. ढिला स्क्रू तापतो, काळा पडतो आणि प्लास्टिक वितळवतो. मशीनच्या प्लगची वरची जाड पिन कोणी कापली असेल तर प्लगच बदल. दोन पिनांचा जोडही वापरायचा नाही, कारण मग एवढ्या कष्टाने केलेलं अर्थिंग मशीनपर्यंत पोचतच नाही.

हे जोडकाम लायसन्स असलेल्या वायरमननेच करायचं. जावईबापू हुशार आहेत, पण त्यांना हात घालू देऊ नकोस. तू फक्त नीट लक्ष ठेव. मेन बंद केल्यावर तुमचा इन्व्हर्टरही बंद झाला का ते बघ. मेन पडल्यावरही इन्व्हर्टर सॉकेटात वीज देत राहतो, आणि अनुभवी माणसंही त्यात फसलेली मी पाहिलीत. टेस्टर आधी चालू जागी पेटतो का ते बघायचं, मग कामाच्या जागी लावायचा, मग पुन्हा चालू जागी. मधेच टेस्टर बिघडला असेल तर असंच कळतं.

पेटीच्या पुढचं न्यूट्रल कुठेही दुसऱ्या न्यूट्रलला किंवा अर्थला जोडलेलं नको. जुन्या घरांत एका खोलीचं न्यूट्रल दुसरीला उसनं दिलेलं असतं. न्यूट्रल गेलं की अर्थिंगवर दिवा पेटवायची सवय तर आपल्या गावोगावी आहे. त्या दिव्याची वीज ज्या पाइपातून जमिनीत जाते, त्याच पाइपाला सगळ्या घराचे पत्रे बांधलेले असतात. पाइप सैल झाला की फ्रिजपासून मशीनपर्यंत सगळ्याला वीज. आरसीसीबी बसवली की असा दिवा पेटवताच खटका पडतो, आणि लोक म्हणतात पेटी खराब निघाली.

हेच मला तुला सगळ्यात ठासून सांगायचंय. पेटी पडते तेव्हा ती बिघडलेली नसते, तिला काहीतरी दिसलेलं असतं. पावसाळ्यात ती दोन-चारदा पडेल. बोर्डात मुंग्या शिरतात, पाल अडकते, उंदीर वायर कुरतडतात, नळीत पाणी झिरपतं. पडली की सगळे प्लग काढ, एमसीबी खाली कर, आधी आरसीसीबी वर घे, मग एकेक एमसीबी, शेवटी एकेक वस्तू. जिच्यावर पडेल ती दोषी, ती वापरायची नाही. सगळं काढूनही पडत असेल तर भिंतीतच ओल आहे, वायरमनला बोलाव. मीटरच्या अलीकडे काही दिसलं, खांब किंवा सर्व्हिस वायर, तर महावितरणला १९१२ वर कळव. कोणी म्हणेल, तिला बाजूला काढून सरळ जोडून देतो, मग कटकट नाही. त्या माणसाला चहा दे आणि पाठव.

तिच्यावर टी लिहिलेलं बटण आहे. दर संकष्टीला चंद्र बघायला बाहेर यायच्या आधी ते दाब. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ती जाम झालीय, त्याच आठवड्यात बदल. मात्र या बटणाने पेटी तपासली जाते, अर्थिंग नाही. ते मोजायला वेगळं यंत्र लागतं आणि ते मी घेऊन येतो.

मी रविवारी सकाळच्या गाडीने मुरबाडला उतरतो, कोळसा आणि पाइप तिथूनच घेतो. तू पाच किलो जाड मीठ आणून ठेव. जावईबापूंना सांग, केळीच्या अळ्यापलीकडे खड्डा खणायला घ्या, कातळ लागला की थांबा, तिरका कसा घ्यायचा ते आल्यावर दाखवतो. कपडे तोवर हातानेच धू. मशीनचा प्लग काढलेलाच असेल ना, एकदा बघून ये.