कामघर, गरीबखाना आणि खडीचे काम

लाखनीच्या आसपास धानाची शेती बोड्या व तलाव यांच्या पाण्यावर होते, आणि हे तलाव कोहळी लोकांनी किती परिश्रमाने बांधिले हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु आभाळच फिरले म्हणजे तलाव तरी काय करणार? १८९६ साली पाऊस वेळेपूर्वीच गेला. १८९९ साली तर सारा हंगामच बुडाला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. त्या काळी सरकार गरिबांस कोणत्या रीतीने पोशीत असे, व ती रीत कोठून आली, याचा आज विचार करू.

तिचे मूळ विलायतेत आहे. तेथे १८३४ साली गरिबांविषयी नवा कायदा झाला. धडधाकट माणसास घरी मदत देऊ नये, त्याने कामघरात यावे, आणि तेथील जिणे बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या जिण्याहून कमी सुखाचे असावे, असे त्याचे तत्त्व होते. नवरा, बायको व मुले यांस वेगवेगळे ठेवीत. जुने दोर उकलणे, खडी फोडणे, हाडे कुटणे ही तेथील कामे. अँडोव्हर येथील भुकेलेले लोक कुटावयास दिलेली हाडेच चोखीत होते, हे १८४५ साली उघडकीस आले. खरी गरज असेल तोच इतके सोशील, असा कायदा करणाऱ्यांचा हिशेब होता. पण लाजेने घरीच उपाशी राहणारा या हिशेबात कोठे बसतो, हे आम्हांस अजून कळलेले नाही.

हाच हिशेब इकडे आला. पूर्वी नागपुरास चीफ कमिशनर असलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ साली मद्रास इलाख्यात दुष्काळी कामावरील मजुरास रोज एक रत्तल धान्य व थोडे पैसे ठरविले. इतक्यावर खडी फोडणारा माणूस जगणार नाही, असे डॉक्टर कॉर्निश यांनी निक्षून सांगितले, आणि काही महिन्यांत मजुरी वाढवावी लागली. मुंबई इलाख्यात तर लोकांस घरापासून लांबच्या कामावर धाडीत. दूर जाणे हीच गरजेची परीक्षा.

पुढे १८८० च्या आयोगानंतर दुष्काळाचे नियम झाले: सशक्तांस काम, अशक्तांस गावात मदत, निराश्रितांस गरीबखाना. कागदावर ही व्यवस्था बरी होती. परंतु पंडिता रमाबाई १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतात आल्या, तेव्हा त्यांनी पाहिलेला पहिला गरीबखाना म्हणजे गावाबाहेरची नुसती झाडी होती. माणसे राखेत व मातीत पडली होती. बाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळ भोगला होता, त्यात आईबाप गमावले होते. त्यांनी सुमारे ३०० मुली व विधवा आपल्या आश्रयास नेल्या. १९०० साली मात्र प्रांतात गावोगाव अन्नछत्रे उघडली गेली, आणि घर न सोडता पुष्कळांस अन्न मिळाले.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात काम मागणाऱ्यांची मोठी दाटी झाली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम तेच होते, माती व खडीचे. परंतु अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याचे बंधन आता सरकारावर आले.